तलवार खुंटीला, मासे अंगणात

काचेच्या गोल भांड्यात फिरणारा सोनेरी मासा पाहिला, की आपल्या डोळ्यांसमोर एखाद्या सुखवस्तू घराचा दिवाणखाना उभा राहतो. हा मासा कोणी खात नाही आणि त्याचा दुसरा काही उपयोगही नाही. नुसते पाहण्यासाठी पैसे मोजून आणायचा, तेव्हा त्याला चैनीची वस्तू म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. परंतु या माशाची कुंडली मांडायला बसावे, तो तिच्यात श्रीमंती थोडी आणि ओढगस्तच फार निघते. विकत घेणारा सुखी असतो, हे खरे. पण घरच्या अंगणात तो वाढवून विकणारा माणूस बहुधा असा असतो, की ज्याच्या हातची नेहमीची भाकर कोणीतरी काढून घेतलेली असते. जपानच्या इतिहासात ही गोष्ट जितकी स्वच्छ दिसते तितकी अन्यत्र कोठे मला दिसली नाही. म्हणून फराळाच्या ताटाशेजारी ती आज वाचकांपुढे मांडतो.

मासा मुळचा चिनी. तळ्यातल्या मातकट रंगाच्या एका साध्या माशाच्या जातीत मधूनच एखादे पिल्लू तांबूस निघे. असे रंगीत मासे वेगळे काढून देवळांच्या आणि राजवाड्यांच्या तळ्यांत सोडण्याचा चिनी लोकांना नाद लागला. बाराव्या शतकात हांगचौ ही सुंग बादशहांची राजधानी होती, तेथे या नादाला मोठा बहर आला. पुढे मिंग राजवटीत मासे तळ्यातून उचलून घरातल्या मातीच्या भांड्यांत ठेवू लागले. भांड्यात मासा वरून पाहायचा असतो. त्यामुळे वरून पाहताना जो शोभेल तो ठेवायचा, बाकीचे काढून टाकायचे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. आणि दुहेरी शेपटीचे, फुगीर अंगाचे, बटबटीत डोळ्यांचे मासे तयार झाले. निसर्गात त्यांना चार दिवस जगता आले नसते. माणसाच्या हौसेवाचून ज्यांना आसरा नाही असे हे जीव!

१७४८ साली जपानात सोनेरी मासे पाळण्यावर एक छोटेखानी पुस्तक छापले गेले. त्याचा कर्ता आदाची योशियुकी. हा मासा १५०२ साली साकाई बंदरात प्रथम उतरला, असे त्याने लिहून ठेवले आहे. आरंभीची शेदीडशे वर्षे तो सरदार-सावकारांच्या पलीकडे गेला नाही. किंमतच तशी होती. १६९३ साली इहारा साइकाकू हा मोठा कथालेखक वारला आणि त्याच वर्षी त्याच्या मागे राहिलेल्या गोष्टींचा संग्रह निघाला. त्यातल्या एका गोष्टीत एदो शहरातल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, एका मासेविक्याचे दुकान आहे. सत्तर-ऐंशी लाकडी टाक्या ओळीने मांडलेल्या, आणि एकेका निवडक माशाला पाच-पाच, सात-सात रियो मोजणारे गिऱ्हाईक समोर उभे. ढोबळमानाने एका रियोत एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ येई, यावरून काय तो अंदाज करावा.

मी स्वतः गोष्टी लिहिणारा माणूस. साइकाकूची ही गोष्ट वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही. तीन मित्र त्या दुकानात मासे पाहत उभे आहेत. इतक्यात एक फाटका माणूस हातात लहानशी जाळी आणि बादली घेऊन येतो. त्याच्या बादलीत डासांच्या अळ्या आहेत. दिवसभर गटारा-डबक्यांतून त्या गाळून आणायच्या, माशांचे खाद्य म्हणून दुकानदाराला विकायच्या, आणि पंचवीस दिडक्या पदरात पाडून घ्यायच्या, हा त्याचा उद्योग. मित्र निरखून पाहतात तो हा त्यांचाच जुना सोबती! एके काळी कलावंतिणींच्या वस्तीत पाण्यासारखा पैसा उधळणारा. ज्या कलावंतिणीला त्याने पैसे भरून सोडवून आणले तीच आता त्याची बायको आहे, एक मूल आहे, आणि घरात चहाला आधण ठेवायला सर्पण नाही. तेव्हा देव्हाऱ्याची दारे फोडून ती चुलीत घालतात. मित्र पैसे देऊ करतात, तो घेत नाही. पुढे ते पुन्हा मदत पाठवतात, तेव्हा बिऱ्हाड हललेले असते.

साइकाकूने या माणसाची कीव केली नाही आणि त्याला उपदेशही केला नाही. पण मला त्यात इतिहासाचा एक कागद सापडल्यासारखे वाटले. सात रियोंचा मासा आणि पंचवीस दिडक्यांची अळी एकाच दुकानात, एकाच टाकीत येतात. चैनीच्या प्रत्येक धंद्याच्या पोटात असा एक जाळीवाला असतोच. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र बहुधा माशाचेच चित्र छापतात.

याच सुमारास एक गंमत घडली. त्या वेळचा शोगुन त्सुनायोशी हा जीवदयेने पछाडलेला होता. कुत्र्यांच्या रक्षणासाठी त्याने केलेले कायदे प्रसिद्धच आहेत. १६९४ साली त्याच्या सरकारने एदोतल्या घरोघरच्या सोनेरी माशांची मोजदाद मागवली आणि ते मासे फुजिसावा येथील एका मठाच्या तळ्यात सोडवले. पाळणाऱ्यांच्या पोटात त्या दिवशी काय कालवले असेल ते असो. सांगायचे ते निराळेच. या शोगुनाच्या खास मर्जीतला यानागिसावा नावाचा एक सरदार होता. त्याच्या मुलाची १७२४ साली काई प्रांतातून यामातोमधल्या कोरियामा गावी बदली झाली. सुमारे दीड लाख कोकू तांदळाच्या उत्पन्नाची ही जहागीर. बिऱ्हाडाबरोबर त्याच्या पदरच्या मंडळींनी सोनेरी मासेही आणले, असे त्या गावची परंपरा सांगते. मासे जप्त करणाऱ्या धन्याच्या लाडक्या सरदाराचे घराणे. आणि पुढे त्याच घराण्याचे गाव माशांवर जगावे! पण तो भाग पुढे येईल.

आता सामुराईंकडे वळू. सामुराई म्हटला की आपल्यासमोर दोन तलवारी लावलेला, ताठ मानेचा वीर उभा राहतो. १६०३ पासून १८६८ पर्यंत तोकुगावा घराण्याचा अंमल चालला, आणि त्यातला बहुतेक काळ देशात लढाई अशी झालीच नाही. लढाई नाही म्हणजे लूट नाही, बढती नाही, नवी जहागीर नाही. बापाला मिळे तेवढाच तांदूळ मुलाला आणि नातवाला. तो तांदूळ विकून मीठमिरची, कापडचोपड, घरभाडे सारे भागवायचे. तांदळाचा भाव पडला की घराचा गाडा रुतला. महागाई वाढते आणि पगार तेथेच राहतो, ही कथा शाळामास्तराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

वरच्या दर्जाचे सरदार कर्ज काढून दिवस रेटीत. खालच्या शिपायांना कर्जही कोण देणार? ते घरी बसून हाताला लागेल ते काम करू लागले. एदोच्या आओयामा भागातले शिपाई कागदी छत्र्या बनवीत. ओकुबोचे बंदूकवाले अझेलियाची फुलझाडे वाढवीत. ओकाचिमाचीचे पायदळ मॉर्निंग ग्लोरीच्या वेली लावी. कोणी गाणारे रातकिडे पिंजऱ्यात वाढवून विकीत. आणि शिताया भागातले लोक सोनेरी मासे पाळीत. सामुराईने व्यापार करणे कमीपणाचे; पण अंगणात झाड लावणे किंवा मासा पाळणे हा शौक म्हणता येतो. शौक वाढला, पिल्ले जास्त झाली, ती कोणी मागितली, त्याने बदल्यात काही ठेवले. अशी अब्रू राखून पैसा घरात येई. मागल्या दाराने येणाऱ्या या पैशाला सारे शहर ओळखून होते आणि सारे शहर गप्प होते.

काम वाटते तितके सोपे नव्हे. वसंतात पाणी थोडे ऊबदार झाले म्हणजे नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर मोत्यासारखे पांढरे ठिपके उठतात. तो मादीच्या पाठीस लागतो आणि मादी पाणवनस्पतींवर चिकट अंडी घालते. ती तत्काळ उचलून दुसऱ्या टाकीत न्यावी लागतात, कारण आईबापच ती खाऊन टाकतात. चार-पाच दिवसांत पिल्ले फुटतात. टाचणीच्या अग्राएवढी ती! त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून द्यायचा. पण चिमूटभर जास्त पडला तर पाणी नासते आणि सकाळी सारी टाकी पांढरी. पुढे पाणपिसवा नावाचे बारीक जीव डबक्यातून गाळून घालायचे. हे पहाटेचे काम. पाणी उन्हात ठेवून हिरवे करायचे, कारण हिरवट पाण्यात पिल्ले चांगली अंग धरतात. एवढे करून पिल्लू निघते ते तांबडे नव्हेच. काळपट, अगदी गावच्या ओढ्यातल्या माशासारखे. त्याला रंग चढायला दोन-तीन महिने लागतात. तोवर कोणते पिल्लू राजा आणि कोणते रंक, हे शेपटीवरून ओळखायचे. दुहेरी शेपटी सरळ उघडलेली असेल ते ठेवायचे. एकेरी, वाकडी असेल ते काढायचे. पांढऱ्या परळात थोडी थोडी पिल्ले घेऊन घरची म्हातारी माणसे आणि बायकामुले ही निवड करीत बसत. हजारांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी खरी उतरत. बाकीच्यांचे काय होई, हे सांगितले नाही तरी कळण्यासारखे आहे. शोभेच्या प्रत्येक माशामागे ही एक न बोलली जाणारी बाजू आहे, आणि ती आजही बदललेली नाही.

मला यातले थोडेफार कळते ते पुस्तकांतून नव्हे. मी लहान असताना आमच्या चाळीत एक गिरणी कामगार राहत. १९८२ च्या संपानंतर त्यांचे खाते पुन्हा उघडलेच नाही. त्यांनी गॅलरीत बरण्या आणि एक फुटकी संगमरवरी टाकी मांडून गप्पी आणि मॉली हे मासे वाढवायला घेतले. रविवारी पिशवीत पाणी भरून मासे घेऊन ते बाजारात जात. आम्ही पोरे त्यांना ‘मासेवाले काका’ म्हणत असू. त्यांना ते आवडत नसे. “साच्यावरचा कामगार म्हणा रे,” असे ते एकदा म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते. पहाटे नाल्यावर अळ्या गाळायला जाताना मात्र ते डोक्यावरून टॉवेल घेत. थंडीसाठी, असे काकू सांगत. मे महिन्यातही घेत.

साइकाकूचा तो जाळीवाला वाचताना मला हा टॉवेल दिसतो.

तर पुन्हा जपानकडे. अठराव्या शतकाच्या मध्याला मासे स्वस्त झाले. एवढ्या घरी ते वाढू लागल्यावर होणार काय? आदाचीचे ते पुस्तक याच काळातले. अंडी कशी घ्यावी, आजारी माशाला काय करावे, हे सारे त्यात आहे. अशी पुस्तके सरदारांसाठी छापीत नाहीत. ज्याला आज मासा घेऊन उद्या दोनाचे वीस करायचे आहेत त्याच्यासाठी छापतात. मासेविक्ये खांद्यावर कावड घेऊन उन्हाळ्यात गल्लोगल्ली ओरडत फिरू लागले. काचेचे गोळे वळचणीला टांगून त्यांत मासे ठेवण्याची टूम निघाली. १८४२ च्या सुमारास सरकारने नटांची आणि कलावंतिणींची चित्रे छापण्यास बंदी केली होती. तेव्हा उतागावा कुनियोशी या चित्रकाराने सोनेरी माशांनाच माणसांचे हावभाव देऊन एक चित्रमालिका काढली. नट नाही तर मासा! लोकांनी ती आनंदाने पाहिली.

आणि मग तो दिवस आला. १८६८ साली शोगुनशाही कोसळली. १८७१ साली सरदारांच्या जहागिऱ्या खालसा झाल्या. १८७६ साली मार्च महिन्यात सामुराईंना तलवार लावून हिंडण्यास बंदी झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा वंशपरंपरेचा तांदूळ कायमचा बंद करून हाती सरकारी रोखे देण्यात आले. बायकामुले धरून एकोणीस लाखांच्या घरात असलेला हा वर्ग. खालच्या शिपायाच्या रोख्याचे व्याज कितीसे? त्यात पुढल्याच वर्षी सात्सुमाचे बंड झाले, त्याच्या खर्चापायी नोटा भराभर छापल्या गेल्या, आणि आहे त्या व्याजाचीही किंमत उतरली. अनेकांनी रोखे मोडून दुकाने घातली आणि ती बुडाली. नमस्काराची वाट पाहणारा दुकानदार आणि गिऱ्हाइकापुढे मान लवायला लाजणारा विक्रेता, मग दुसरे काय होणार? ‘सामुराईचा व्यापार’ अशी एक कुत्सित म्हणच जपानी भाषेत पडली.

मग कोरियामाचेच कसे निभावले? हकीकत अशी सांगतात, की शेवटचा जहागीरदार यानागिसावा यासुनोबू हा थोर मनाचा; उघड्यावर पडलेल्या आपल्या माणसांना आणि आसपासच्या शेतकऱ्यांना त्याने माशांचा धंदा काढून दिला. त्याने उत्तेजन दिले हे खरेच आहे, आणि त्याचे श्रेय त्याच्या पदरी घालावे. परंतु नुसत्या धन्याच्या दयेने धंदे उभे राहत असते तर जपानातला एकही सामुराई भुकेला राहिला नसता. माझ्या मते खरे कारण त्या दीडशे वर्षांत आहे. १७२४ पासून त्या गावच्या शिपायांच्या घरांतून मासे वाढत होते. बाप वाढवी, पोर शेजारी बसून पाही. वाकडी शेपटी कोणती, पाण्याला वास कशाने येतो, कोणत्या तळ्यात पाणपिसवा सापडतात, हे हातांना ठाऊक होते. नाचणी-गव्हासारखे ते ज्ञान कोठारात पडून होते. दुष्काळ आला तेव्हा ते बाहेर काढले, एवढेच. शिवाय तो मुलूख तळ्यांचा. भातशेतीसाठी जागोजाग खणलेली तळी होतीच आणि त्यांत माशांचे खाद्य आपोआप वाढत होते. दुकान घालायला भांडवल लागते. येथे अंगण, पाणी आणि घरातली सहा माणसे एवढ्यावर काम सुरू झाले. आणि गिऱ्हाइकाशी बोलायची पाळी आली तरी मासा स्वतःच बोलतो, मालकाने थोडे तुसडे असले तरी चालते!

शेतकरी या धंद्यात आल्यामुळे मात्र एक फरक पडला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कालपर्यंत ज्याच्यापुढे शेतकऱ्याने वाट सोडून उभे राहायचे, तो सामुराई आता त्याच्याच शेजारी गुडघाभर पाण्यात जाळे ओढीत होता. हा बदल कोणत्या फर्मानाने असा घडता ना.

सगळीकडेच मासे पोट भरण्यासाठी पाळले गेले असे नाही. तोसा प्रांतातल्या सामुराईंनी एक निराळीच जात तयार केली. तिला तोसाकिन म्हणतात. शेपटी अखंड, पंख्यासारखी पसरलेली आणि कडांना पुढच्या बाजूस मुडपलेली. उथळ, गोल, पसरट भांड्यातच ती खुलते. पोहण्याला ती इतकी कच्ची, की खोल पाण्यात सोडणे म्हणजे तिला शिक्षाच. दुसऱ्या महायुद्धात कोची शहरावर बॉम्ब पडले, पाठोपाठ डिसेंबर १९४६ मध्ये नानकाइचा भूकंप झाला, आणि ही जात संपली असेच सगळ्यांना वाटले. परंतु एका शौकिनाने शोध चालू ठेवला. अखेर एका खाणावळीत त्याला सहा मासे आढळले. दारूच्या बदल्यात त्याने ते मिळवले आणि त्यांच्यापासून वंश पुन्हा वाढवला. गावात माणसांच्या डोक्यावर छप्पर नसताना हा गृहस्थ माशांच्या मागे हिंडत होता, हे वाचून पहिल्यांदा राग येतो. नंतर वाटते, की सर्व वाहून गेल्यावर माणसाला काहीतरी एक अखंड हवेसे वाटत असावे. १९६९ साली कोची प्रांताने या माशाला संरक्षित निसर्गठेवा ठरवले.

कोरियामात आज पूर्वीइतकी घरे माशांवर राहिलेली नाहीत. मुले शहरात नोकऱ्या धरतात, आणि पहाटे उठून पाणपिसवा गाळायला त्यांना सांगणार कोण? तरी गावाभोवती तळी आहेत आणि त्यांत तांबडे ठिपके हलताना दिसतात. सामुराईंच्या वंशातला कोणी भेटलाच तर त्याच्याकडे तलवारीपेक्षा पांढरे परळ असण्याचा संभव अधिक. १९९५ पासून तेथे दरवर्षी उन्हाळ्यात मासे उचलण्याची राष्ट्रीय स्पर्धा भरते. पातळ कागद लावलेली एक चकती हातात देतात. तीन मिनिटांत तिने पाण्यातले जितके मासे वाटीत घेता येतील तितके घ्यायचे. ओला कागद केव्हा फाटेल याचा नेम नसतो. देशभरातून मुले, आजोबा, गृहिणी येतात. जिंकणारे हात झटका देत नाहीत. कागद पाण्यात तिरका सरकवतात, माशाच्या डोक्याकडून अलगद उचलतात, आणि शेपटी मात्र चकतीच्या बाहेरच राहू देतात, कारण कागद फाडते ती शेपटीच.